अण्णांनी संमती दर्शवली

रविवार, १६ फेब्रुवारी १९९७, सकाळी साडेदहा. स्थळ: वाचनालयाची खोली, राजाजीनगर. उपस्थित: श्री. जोशी मास्तर (अध्यक्ष), श्री. निखिल पाठक, श्रीमती लीलाताई सामंत (नवीन सभासद), मी (सेक्रेटरी) आणि श्री. हनुमंतराव अण्णा (झोपेत).

आमच्या इतिवृत्ताच्या वहीतून हे जसंच्या तसं उतरवलं आहे. कंसातला शेवटचा शब्द थट्टेनं घातलेला नाही. मी पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याचं स्टोअर सांभाळते. तिथं एखादा बोल्ट गंजलेला असेल तर नोंदीत ‘गंजलेला’ असं लिहावंच लागतं. तीच सवय वाचनालयात आली.

सभेला चार माणसं लागतात आणि लीलाताई येण्याआधी आम्ही जेमतेम चारच जमायचो. त्यामुळे झोपलेला सभासद उपस्थित धरायचा का, हा प्रश्न फार पूर्वीच निघाला होता. जोशी मास्तर चाळीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी क्षणात निकाल दिला, “झोपलेला माणूस घरी गेलेला नसतो. उपस्थित धरा.”

अण्णा झोपतात म्हणजे इतरांसारखे पेंगत नाहीत. बोलता बोलता वाक्याच्या मधेच झोपतात. “त्या कपाटाची किल्ली मी...” इथं हनुवटी छातीला टेकते. मास्तर पुढचा विषय घेतात, त्यावर चर्चा होते, चहा येतो. मग मान वर होते आणि “...खिळ्याला लावली आहे,” असं वाक्य पूर्ण होतं. मधे गेलेली दहा मिनिटं आमच्या हिशेबी असतात, अण्णांच्या नसतात.

“अण्णा, झोपला होता,” असं निखिलनं म्हटलं की उत्तर ठरलेलं. “झोपलो कुठं? स्वल्प डोळे मिटून ऐकत होतो.”

हा ‘स्वल्प’, म्हणजे थोडंसं, कन्नडमधून आलेला, आणि अण्णांच्या दर वाक्यात असतोच. त्यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी इकडे कन्नड मुलखात आलं. निखिल पुण्याहून नोकरीसाठी आलेला सॉफ्टवेअरवाला. त्यानं एकदा अण्णांच्या मराठीला नाव ठेवलं. अण्णा शांतपणे म्हणाले, “आमची मराठी इथं आली तेव्हा तुझं पुणं केवढं होतं रे? आणि मीटिंग, अजेंडा, फाइल, हे कुठल्या गावचं मराठी?” एवढं बोलून ते झोपले. निखिलला उत्तर सुचलं तेव्हा ऐकायला कोणी नव्हतं.

माझी आणि अण्णांची ओळख गॅसच्या रांगेत झाली. आम्ही सोलापूरहून नुकतेच आलो होतो, आणि गॅसचं कनेक्शन इकडे वळवायला मी तीन वेळा हेलपाटे घातले होते. चौथ्या वेळी माझ्या पुढे एक जाडजूड गृहस्थ उभे होते, उभ्या उभ्या झोपलेले. रांग सरकली की मागचे लोक त्यांना हलकेच ढकलत आणि ते झोपेतच दोन पावलं पुढे जात. खिडकीपाशी पोचल्यावर मात्र जागे झाले. मागे वळून माझ्या हातातली कागदांची यादी पाहिली आणि मराठीत म्हणाले, “अक्का, तुमचा एक कागद कमी आहे. तो नसला तर हा बाबा परत पाठवणार.” मग स्वतःचा नंबर सोडून माझ्याबरोबर ते गल्लीतल्या टंकलेखकाकडे आले, अर्ज करून घेतला, आणि रांगेत पुन्हा पहिल्यापासून उभे राहिले. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे सिलिंडर आला. मराठी वाचनालय आहे, तिथं सेक्रेटरीची गरज आहे, हेही मला त्यांनीच सांगितलं. तेव्हापासून मी त्यांची ‘कार्यदर्शी अक्का’. मी त्यांच्याहून आठ वर्षांनी लहान आहे, पण त्यांनी अक्का म्हणायचं सोडलं नाही.

आता त्या संमतीबद्दल.

आमच्याकडे काम वाटायची एक पद्धत आहे. अध्यक्ष काम वाचतात आणि सगळ्यांकडे बघतात. जो मान डोलावेल त्याचं नाव मी लिहिते. ‘पुस्तकांना कव्हरं घालणे,’ मास्तर वाचायचे. निखिल छताकडे बघायचा, मी वहीकडे. नेमक्या त्या वेळी अण्णांची मान झोपेनं खाली यायची, आणि मी लिहायची: ‘हनुमंतराव अण्णांनी संमती दर्शवली.’

निघताना प्रत्येकाला त्याच्या कामाची चिठ्ठी द्यायची, हा माझा नियम. अण्णा दाराशी उभे राहून चिठ्ठी वाचायचे. “हे मी कधी कबूल केलं?”

“आज, अकरा वाजून वीस मिनिटांनी.”

कबूल केलं नाही म्हणावं, तर झोपलो होतो हे कबूल करावं लागणार. “सरी,” म्हणायचे, म्हणजे कन्नडमध्ये ‘ठीक आहे’, चिठ्ठी खिशात घालायचे, आणि पुढच्या रविवारी काम झालेलं असायचं. साडेसहाशे पुस्तकांना खाकी कव्हरं त्यांनी घातली. कपाटाचं कुलूप, पंख्याची दुरुस्ती, खोलीच्या मालकाशी बोलणी, सगळं त्यांच्याच मानेनं झालं. आमचं वाचनालय आज उभं आहे त्याला मी अण्णांची मेहनत म्हणते. त्या वेळी आम्हाला ती गंमत वाटायची.

ही मेहनत ते कशी करत होते, ते मला दिसत नव्हतं असं नाही. आमची खोली छापखान्याच्या वर, बावीस पायऱ्या चढून. अण्णा सातव्या पायरीवर बसायचे, मग चौदाव्या. चेहरा कायम रात्रपाळी करून आल्यासारखा. एकदा मी विचारलं, “बरं नाही का?” तर म्हणाले, “रोज सकाळी उठलो की वाटतं, रात्रभर कुणाची तरी पोती उचलली. कुणाची, ते आठवत नाही.” मी हसले. अण्णा बोलतात तेच तसं, म्हणून सोडून दिलं.

आणि घोरणं. मास्तरांचा आवाज एका वर्गापुरता दणदणीत आहे, पण अण्णांच्या पुढे तोही चालत नसे. सुरुवातीला आम्ही त्यांना हलवून बघितलं. ते “ऐकतोय” म्हणून पुन्हा सुरू व्हायचे. मग आमच्या लक्षात आलं की घोरणं मधेच थांबतं. अगदी शांत होतं, थोडा वेळ तसंच राहतं, आणि मग मोठ्या आचक्यासारख्या आवाजानं पुन्हा सुरू होतं. मग सभा त्या शांततेत चालवायची असं ठरून गेलं. घोरणं थांबलं की बोलायचं, सुरू झालं की थांबायचं. सवयीनं ते इतकं अंगवळणी पडलं की वाक्यं त्या मापाची होऊ लागली.

पुढे मास्तरांनी तक्रार केली की लांब विराम नेहमी निखिलच्या वाट्याला जातात आणि अध्यक्षांना तोकडे मिळतात. तक्रार आली की नोंद ठेवायची. मी मनगटी घड्याळ समोर ठेवून समासात लिहू लागले: ‘११.१२, विराम, ३५ सेकंद, निखिल. ११.१४, विराम, २० सेकंद, मास्तर.’ एकवीस रविवार मी हे इमानानं लिहिलं.

जानेवारीत अण्णांची मोपेड यशवंतपूरजवळ एका नव्या घरासमोरच्या वाळूच्या ढिगात शिरली. लोक धावले तर अण्णा वाळूत गाडीवरच बसून घोरत होते. अण्णा पीण्यात गेज इन्स्पेक्टर. भोकात गेज जातो की जात नाही हे बघून माल पास करायचा किंवा परत पाठवायचा. त्यामुळे आम्हाला त्यांनी सांगितलं, “वाळू बारीक आहे का, स्वल्प तपासत होतो.” आम्ही हसलो. पण घरी जाताना मी तुमकूर रोडवरचे ट्रक बघितले आणि मला हसू आलं नाही. वाळूचा ढीग दर वेळी मिळणार नव्हता. “मोपेड सोडा,” असं मी त्यांना तीन वेळा सांगितलं. “डॉक्टरला दाखवा,” असं दोन वेळा.

“झोप येते हा काय रोग आहे, अक्का? झोप येत नाही तो रोग.”

मग तो सोळा फेब्रुवारीचा रविवार आला. लीलाताई पहिल्यांदाच आल्या होत्या. इस्पितळात तीस वर्षं नर्स होत्या, बोलणं कमी. अण्णांचं सुरू झालं. आम्ही थांबलो. घोरणं बंद झालं तसा निखिल घाईनं नव्या पुस्तकांची यादी वाचू लागला. आठ नावं झाली, नऊ झाली. खुशीत माझ्याकडे वळून म्हणाला, “बाई, लिहा, आज रेकॉर्ड आहे.”

“गप्प बसा,” लीलाताई म्हणाल्या.

निखिलनं यादी खाली ठेवली.

“त्यांच्या छातीकडे बघा.”

आम्ही बघितलं. छाती हलत नव्हती. ओठ मळकट निळे दिसत होते. माझ्या घड्याळाचा काटा पुढे जात होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी सेकंद लिहिले नाहीत. लीलाताई उठल्या आणि त्यांनी अण्णांच्या खांद्याला जोरात धक्का दिला. मोठा आचका बसला, श्वास आत गेला, मान वर झाली.

“...आणि दुसरं म्हणजे कपाटात डांबराच्या गोळ्या ठेवायला हव्यात,” अण्णा म्हणाले.

ज्या शांततेची आम्ही दर रविवारी वाट बघत होतो, त्या शांततेत अण्णांचा श्वास बंद असायचा. आणि ती आम्ही आपसात वाटून घेतली होती.

लीलाताईंनी मोठ्या इस्पितळात झोपेची तपासणी होते असं सांगितलं. अण्णांनी ऐकून घेतलं. “बघू,” म्हणाले आणि थोड्या वेळानं पुन्हा डोळे मिटले. तेव्हा मला सुचलं. मी एक चिठ्ठी लिहून मास्तरांकडे सरकवली. मास्तरांनी ती वाचली, चष्मा पुसला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, “विषय पाच. हनुमंतराव अण्णांनी मंगळवारी सकाळी नऊ वाजता सेक्रेटरीबाईंबरोबर इस्पितळात जाणे, आणि तोपर्यंत मोपेडची किल्ली निखिलकडे देणे.”

आम्ही चौघं त्यांच्या मानेकडे बघत बसलो. शेवटी मान खाली आली.

‘हनुमंतराव अण्णांनी संमती दर्शवली,’ मी लिहिलं.

दाराशी त्यांनी चिठ्ठी वाचली. “हे मी कबूल केलं?”

“अकरा वाजून बावीस मिनिटांनी.”

त्यांनी चिठ्ठीची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. “सरी,” म्हणाले, आणि खिशातून मोपेडची किल्ली काढून निखिलच्या हातावर ठेवली.

मंगळवारी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घोरणं मधे थांबतं का, किती वेळ, कुणी बघितलं आहे का. त्या कन्नडमध्ये बोलत होत्या आणि माझं सोलापुरी कन्नड तेवढ्यापुरतं पुरतं. अण्णा म्हणाले, “घरी मी एकटाच. कोण बघणार?” मी पिशवीतून इतिवृत्ताची वही काढली आणि समासातले आकडे वाचून दाखवू लागले. तिसऱ्या रविवारपाशी डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

“असे किती आठवडे आहेत?”

“एकवीस.”

“आणि त्या वेळात तुम्ही काय करत होता?”

“सभा,” मी म्हणाले.

त्या मला काही बोलल्या नाहीत, याबद्दल मी त्यांची आजही आभारी आहे. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून वाट मिटते, तासाला कितीतरी वेळा श्वास अडतो, माणूस दर वेळी अर्धवट जागा होऊन तो ओढतो, म्हणून सकाळी दमलेला उठतो, असं त्यांनी समजावलं. अण्णा लक्षपूर्वक ऐकत होते. “म्हणजे हवा जाते की जात नाही एवढंच बघायचं ना? मग हे माझंच खातं,” ते म्हणाले. “गळा रिजेक्ट.”

पुढच्या कागदांसाठी आम्ही बाकावर बसलो. समोर लोकांची ये-जा चालली होती. अण्णा झोपतील असं मला वाटलं, पण ते जागे होते.

“सुंदरा कोपर मारायची,” ते म्हणाले. सुंदराबाई म्हणजे त्यांची बायको, तीन वर्षांपूर्वी गेलेली. “लग्नापासून. रात्रीतून दहा-बारा वेळा. मी म्हणायचो, ही बाई झोपेतसुद्धा भांडते. आता कळतंय, ती जागीच असायची.”

मी वही पिशवीत ठेवली.

“ती गेल्यावर पाठ टेकायची भीती वाटायला लागली. गुदमरून उठायचो, बाजूला कुणी नाही. मग खुर्चीतच बसून राहायचो. रविवारी वाचनालयात मात्र बरं वाटायचं. तीन माणसं जागी असायची. काही झालं तर बघतील म्हणून स्वल्प डोळे मिटायचो.”

मला वहीतले समास आठवले. मी म्हणाले, “अण्णा, आम्ही बघत नव्हतो.”

“लिहीत होता की. एवढं तरी कोण लिहितं?” मग म्हणाले, “परवाची ती मान मी हलवली होती, अक्का. जागा होतो.”

“आणि बाकीच्या वेळी?”

“बाकीच्या वेळी स्वल्प झोप लागली असेल.”

तपासणी झाली. यंत्र परदेशातून यायला चार महिने लागले. तोपर्यंत कुशीवरच झोपायचं होतं. म्हणून लीलाताईंनी अण्णांच्या बंडीला पाठीवर खिसा शिवून त्यात टेनिसचा चेंडू घातला. उताणं झालं की तो टोचायचा. “चेंडू बरा आहे,” अण्णा म्हणाले, “पण कोपराची सर नाही.” कामावर जायला त्यांनी बस धरली. दोनदा झोपून डेपोत पोचले आणि दोन्ही वेळा कंडक्टरशी ओळख करून परत आले.

जूनमध्ये यंत्र आलं. एक खोका, त्याला नळी, नळीला नाकावर बसवायचा मुखवटा. अण्णांनी पहिल्यांदा साबणाचं पाणी लावून हवा कुठं गळते ते तपासलं आणि पट्टा अर्ध्या इंचानं ओढला. तिसऱ्या आठवड्यापासून सभेचं रूप बदललं. अण्णा जागे राहू लागले आणि हरकती घेऊ लागले. पुस्तकांची निवड, चहाची वेळ, माझं शुद्धलेखन, काही सुटेना. मान आता उभी हलायची नाही, आडवी हलायची. कव्हरं घालायचं काम पहिल्यांदाच निखिलकडे गेलं. मास्तर मला बाजूला घेऊन म्हणाले, “सेक्रेटरीबाई, ते यंत्र रविवारी सकाळी बंद ठेवता येत नाही का?”

थकवा सगळा गेलेला नाही. इतक्या वर्षांचा आहे, महिन्याभरात जाणार नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्याच होत्या. पण आता अण्णा फक्त अकराव्या पायरीवर बसतात.

वीज गेली की यंत्र बंद पडतं, आणि आमच्याकडे वीज जातच असते. म्हणून मी एक व्यवस्था लावली. सकाळी सहा वाजता अण्णांनी माझ्या घरी फोनची एक रिंग द्यायची आणि ठेवायचा. एक रिंग म्हणजे उठलो. ऑगस्टमधल्या एका सकाळी रिंग आली नाही. साडेसहा झाले. मी फोन केला, कुणी उचलला नाही. रिक्षा करून गेले. कडी वाजवली, हाका मारल्या, शेजारचे बाहेर आले. वीस मिनिटं मी त्या दारावर हात आपटत होते. कुणाकडे दुसरी किल्ली नव्हती. शेजारी दार तोडायला पहार आणतो म्हणाले, तेवढ्यात दार उघडलं. अण्णा उभे होते, गालांवर मुखवट्याच्या पट्ट्याचे वळ, केस विस्कटलेले, चेहरा लहान मुलासारखा ताजा.

त्यांनी मला पाहिलं, शेजाऱ्यांना पाहिलं, पहार पाहिली.

“स्वल्प झोपलो होतो,” ते म्हणाले.

मी त्यांना तिथंच सांगितलं की दुसरी किल्ली माझ्याकडे हवी. “आहे की,” म्हणून त्यांनी दाराआड बोट दाखवलं. खिळ्याला चांदीचा छल्ला होता, सुंदराबाई कमरेला लावायच्या तो. त्यात एक किल्ली. छल्ला लख्ख होता.

“मग ही द्या.”

“ती तिची आहे.”

“बरं, तिच्यावरून करून घेऊ. चौकातला किल्लीवाला दहा मिनिटांत देतो.”

“सरी. मीच नेतो,” अण्णा म्हणाले.

हे लिहीत आहे तेव्हा डिसेंबर उजाडला आहे. माझ्या यादीत एखादं काम दोन आठवड्यांपलीकडे राहिलं तर मी ते स्वतः उरकून टाकते. हे मला उरकता येत नाही; सुंदराबाईंच्या छल्ल्यातून ती किल्ली काढायला अण्णांचा हात धजत नाही. मास्तर दर रविवारी वाचतात, “विषय चार. अण्णांच्या घराची दुसरी किल्ली करून घेणे.” आम्ही चौघं अण्णांच्या मानेकडे बघतो. अण्णा पूर्ण जागे असतात, आणि मान हलत नाही. मी लिहिते: बाकी.